फिलाडेल्फिया पाहायला अर्धा दिवस पुरतो का?

आपला प्रश्न असा आहे की, आई-वडील सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीला येणार असून वॉशिंग्टनला जाता जाता फिलाडेल्फियाला अर्धा दिवस थांबले तर पुरेल का, कारण ‘तिथे एका फुटक्या घंटेशिवाय काही नाही’ असे आपल्याला कोणीतरी सांगितले आहे. हे सांगणारे गृहस्थ आमचे साडूच असावेत अशी मला दाट शंका आहे, कारण नेमके हेच वाक्य मी एका उन्हाळ्यात त्यांच्या तोंडून किमान वीस वेळा ऐकले आहे.

अर्धा दिवस पुरत नाही. सकाळी लवकर निघून रात्री परत येण्याच्या तयारीने एक पूर्ण दिवस द्यावा, आणि वॉशिंग्टनचा बेत वेगळा आखावा.

आमच्या साडूंचे ज्ञान एका बसयात्रेतून आलेले होते. त्या यात्रेत सात दिवसांत आठ शहरे दाखवली जात, आणि फिलाडेल्फियाच्या वाट्याला आलेल्या एका तासापैकी निम्मा वेळ स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला होता, हे त्यांनीच सांगितले होते. तरीही न्यू जर्सीतल्या एडिसनला आमच्या मुलाच्या घरी दोघी बहिणी आणि आम्ही दोघे साडू एकत्र जमलो तेव्हा या विषयातले जाणकार तेच ठरले. आम्ही नाशिकचे. आमच्याकडे खणखणीत आवाजाच्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात, आणि साडूंचे मत त्याच आवाजात ऐकू येते. अखेर माझ्या पत्नीने, “भाऊजी, तुम्ही घरी बसा, आम्ही तिघे जाऊन येतो,” असे जाहीर केले, तेव्हा ते सर्वांत आधी बूट घालून दारात उभे राहिले.

एडिसनहून ट्रेंटन आणि तिथे गाडी बदलून फिलाडेल्फियाचे जेफरसन स्टेशन, असा आमचा मार्ग होता. गाडी घेऊन जाण्याचा मोह टाळावा. जुन्या भागातले रस्ते अरुंद आहेत आणि पार्किंगचे दर पाहून वडिलांचा रक्तदाब वाढेल. इंडिपेंडन्स हॉलची अकरा वाजताची तिकिटे मुलाने आधीच काढून दिली होती. परंतु स्टेशनाजवळच 1893 पासून चालू असलेले रीडिंग टर्मिनल मार्केट आहे, आणि साडूंना ‘फक्त पाच मिनिटे’ आत डोकवायचे होते. तिथे आमिश या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथाच्या मुली कणकेच्या लांब वळ्या हातातल्या हातात पिळून त्यांचे प्रेट्झेल बनवतात आणि भाजून निघाल्यावर ते लोण्यात बुडवतात. हे कौशल्य साडूंनी पंचवीस मिनिटे पाहिले, आणि आमच्या चकल्यांशी त्याची तुलना त्या मुलींना मोठ्याने समजावून सांगितली.

पुढे हॉलच्या सुरक्षा तपासणीत ताईंच्या, म्हणजे साडूंच्या पत्नीच्या, पिशवीतला दशम्या आणि लसणाच्या चटणीचा स्टीलचा डबा निघाला. पहारेकऱ्याने झाकण उघडले, वास घेतला आणि हसून हे काय आहे असे विचारले. कोणताही शहाणा माणूस ‘ब्रेड’ एवढे म्हणून पुढे गेला असता. साडूंनी बाजरीपासून सुरुवात केली. आमची वेळ अर्थातच टळली. पुढच्या तुकडीत चार जागा रिकाम्या होत्या आणि तिथल्या रेंजरबाई दयाळू होत्या, म्हणून निभावले.

हॉल बाहेरून आपल्याकडच्या एखाद्या जुन्या हायस्कूलच्या इमारतीएवढा साधा दिसतो. मात्र ज्या दालनात 1776 साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला, त्याच दालनात 1787 साली या देशाची राज्यघटना लिहिली गेली. राज्यघटनेच्या वेळी जॉर्ज वॉशिंग्टन ज्या खुर्चीत बसत, ती खुर्ची अजून तिथे आहे. तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला आहे. तो उगवतो आहे की मावळतो आहे याचा विचार बेंजामिन फ्रँकलिन अधिवेशनभर करत होते, आणि सह्या होताना त्यांनी तो उगवता असल्याचा निर्वाळा दिला. येथे साडू काही बोलले नाहीत, याची मी नोंद घेतली.

त्या घंटेपाशी, म्हणजे ‘लिबर्टी बेल’पाशी, मात्र साडू म्हणालेच, “बघा, फुटकी!” या क्षणाची मी आठवडाभर तयारी केली होती. ही घंटा 1752 साली लंडनमध्ये ओतली गेली आणि इथे येताच चाचणीच्या पहिल्या ठोक्याला तडकली. मग पास आणि स्टो या दोन स्थानिक कारागिरांनी ती वितळवून पुन्हा ओतली, तिचा आवाज लोकांना आवडला नाही म्हणून तिसऱ्यांदा ओतली, आणि 1753 साली ती टांगली गेली. तिचे वजन 2,080 पौंड, म्हणजे साडेनऊशे किलोच्या आसपास आहे. आज जी रुंद फट दिसते ती मूळची चीर नव्हे, ती दुरुस्ती आहे: बारीक तड्याच्या कडा एकमेकींवर घासू नयेत म्हणून तो मुद्दाम कोरून रुंद केला होता, आणि 1846 साली त्याच्यापुढे नवी चीर गेल्यामुळे घंटा कायमची मुकी झाली. 4 जुलै 1776 रोजी ती वाजली ही नंतर रचलेली गोष्ट आहे. ‘लिबर्टी बेल’ हे नावही 1830 च्या दशकात गुलामगिरीविरोधी चळवळीच्या लोकांनी रूढ केले. घंटेच्या दालनाच्या दाराशीच, अध्यक्ष असताना वॉशिंग्टन ज्या घरात राहिले त्याचा पाया आहे, आणि त्या घरात त्यांनी नऊ गुलाम ठेवले होते, हे लक्षात घेतले म्हणजे नावाचा अर्थ बदलतो.

मी साडूंना एवढेच विचारले की, आपल्या गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा तरी कुठे आपण ओतली आहे? 1739 साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हाची ती पोर्तुगीज घंटा. परक्यांची घंटा आपल्या कामाला लावण्याची रीत या लोकांनी आणि आपण सारखीच पाळली आहे, आणि तसे पाहिले तर तडा गेलेली घंटा निदान कोणाच्या कानठळ्या बसवत नाही. शेवटचे वाक्य मी बोलायला नको होते असे पत्नीचे मत आहे. माझे नाही.

फ्रँकलिनच्या थडग्यावर लोक एक सेंटची नाणी टाकतात. ज्या माणसाने जगाला काटकसर शिकवली त्याच्या अंगावर पैसे उधळणे मला पटत नाही, परंतु साडूंनी एक नाणे टाकले आणि ते घरंगळून खाली पडल्यावर परत खिशात घातले. बेट्सी रॉसचे घर आम्ही वगळले. तिने अमेरिकेचा पहिला झेंडा शिवल्याची कथा तिच्या नातवाने 1870 साली सांगितली, आणि तिला त्या काळचा पुरावा नाही.

दुपारी कला संग्रहालयाच्या, ‘रॉकी’ चित्रपटामुळे प्रसिद्ध झालेल्या 72 पायऱ्या साडू धावत चढले. वर पोहोचल्यावर रॉकीसारखे दोन्ही हात उंचावण्याऐवजी ते खाली बसले, आणि छायाचित्र तसेच आले आहे. आत गेल्यावर मात्र एका दालनात मदुरेच्या देवळातल्या दगडी खांबांचा आख्खा मंडप उभा आहे. फिलाडेल्फियाच्या एका बाईंनी 1912 साली मदुरेच्या प्रवासात ते खांब विकत घेतले आणि 1919 साली ते संग्रहालयाला मिळाले. साडू त्या मंडपात अर्धा तास हलले नाहीत.

माझी खरी इच्छा वेगळी होती. डॉ. आनंदीबाई जोशी 1886 साली वयाची एकवीस वर्षे पुरी होण्याआधी याच शहरात, स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या, आणि त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून इथवर आल्या होत्या. महाविद्यालय जिरार्ड कॉलेजच्या शेजारी, संग्रहालयापासून फार लांब नव्हे, अशा ठिकाणी होते. ते आता त्या नावाने उरलेले नाही आणि त्याची कागदपत्रे ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहेत. “तिथे बघायला काही नाही ना? मग कशाला?” असे साडू म्हणाले. त्यावर ताई, ज्यांनी तीस वर्षे नगरपालिकेच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून काढली आणि ज्यांना मी साडूंच्या शब्दाबाहेर जाताना कधी पाहिले नव्हते, शांतपणे म्हणाल्या, “मला जायचे आहे.” आम्ही गेलो. ताई रस्त्याच्या कडेला दोन मिनिटे उभ्या राहिल्या, आणि मग चहा कुठे मिळेल असे त्यांनी विचारले. आपल्या आईंना यात रस असेल तर जरूर जावे, मात्र पाटी किंवा पुतळा सापडेल अशी अपेक्षा ठेवू नये आणि टॅक्सी थांबवून ठेवावी.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. घंटा पाहायला पैसे लागत नाहीत, परंतु हॉलची वेळ ठरवलेली तिकिटे गर्दीच्या महिन्यांत आधी काढावी लागतात. रविवारी मार्केटमधले आमिश लोक दुकाने उघडत नाहीत, आणि संग्रहालयही आठवड्यातून काही दिवस बंद असते, तेव्हा वार पाहून जावे. गुडघे दुखत असतील तर संग्रहालयात मागच्या बाजूनेही जाता येते; हे आम्हाला पायऱ्या उतरताना कळले. शाकाहारी असाल तर इथल्या प्रसिद्ध चीझस्टेकच्या (पावात भरलेले गोमांस आणि चीझ) नादी न लागता घरचा डबा न्यावा.

परतीच्या गाडीत मी हिशेब मांडला: सकाळी साडेदहा ते रात्री आठ, म्हणजे साडेनऊ तास, आणि एल्फ्रेथ्स ॲली ही अठराव्या शतकातल्या घरांची गल्ली तरीही राहूनच गेली. तो कागद मी साडूंना दाखवला. ते म्हणाले, त्यातली पंचवीस मिनिटे प्रेट्झेलची वजा करा.