कीड थोडी ठेवून वर सिमेंट?

प्रश्न: माझ्या दाढेत खोल कीड होती, डेंटिस्टनी सगळी काढलीच नाही, तळाशी थोडी ठेवून वर सिमेंट भरलं. फसवलं का मला?

उत्तर: अहो नाही, उलट जपून काम केलंय. दाढेच्या पोटात नस असते, आणि तळाची ती चामड्यासारखी चिवट कीड खरवडत बसलं तर नस उघडी पडू शकते, मग बरेचदा रूट कॅनलच. म्हणून कडेची कीड पूर्ण साफ करतात, नसेवरची थोडी ठेवतात आणि वरून फिलिंग घट्ट बसवतात, आतल्या जंतूंची उपासमारच होते. ड्रिलवर पाण्याचा फवाराही नस तापू नये म्हणूनच (तोंड भरतं, वैताग येतो, माहितीये). आता गार पाण्याने क्षणभर कळ आली तर २-३ आठवडे वाट बघा, पण रात्री आपोआप ठणकायला लागलं तर लगेच दाखवा.