एम.एड. करू का एम.ए. एज्युकेशन? एका बाईंची झिप फाईल

दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला येणाऱ्यांत निम्मे शिक्षक असतात. एरवी वर्षभर दहावी-बारावीची पोरं आणि त्यांचे आईबाप, पण सुट्टी लागली की मास्तर मंडळी येतात आणि प्रश्न जवळपास एकच, "सर, पुढं काहीतरी शिकावं म्हणतेय, काय करू?"

या बाई पण अशाच आल्या. नाव-गाव सांगत नाही, एकदोन तपशील बदललेत. अनुदानित माध्यमिक शाळा, वय ४१, नोकरी १६ वर्षं, विषय मराठी. एम.ए.ला ५७ टक्के, बी.एड.ला ६१. हातात ती पारदर्शक झिप फाईल असते ना, ती. आत सगळ्या प्रिंटआउट, एम.एड.ची माहिती, इग्नूची, मुक्त विद्यापीठाची, कुठल्यातरी खासगी युनिव्हर्सिटीची घरबसल्या मास्टर्सवाली जाहिरात, आणि प्रत्येक कागदावर पिवळ्या हायलायटरने फी तेवढी रंगवलेली. बाकी काही नाही, फक्त फी.

मी विचारलं हे सगळं कशासाठी. म्हणाल्या, "स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, एम.एड. नसेल तर हेडमास्तर होता येत नाही. ते स्वतः एम.एड. आहेत, माझ्यानंतर चार वर्षांनी लागलेत. आणि आमचे हे म्हणतात आता चाळिशीत डिग्री घेऊन काय करायचंय, तेवढ्या पैशात किचन होईल."

आधी हेडमास्तरचं निस्तरलं, कारण ही अफवा मी किती वर्षं ऐकतोय. खासगी शाळांची १९८१ची सेवाशर्ती नियमावली आहे, त्यात माध्यमिक मुख्याध्यापकाला प्रशिक्षित पदवीधर असणं आणि किमान ५ वर्षं शिकवल्याचा अनुभव, त्यातली २ वर्षं बी.एड. नंतरची, एवढंच मागितलंय. पुढे नंबर लागतो तो सेवाज्येष्ठतेने, म्हणजे अनुसूची फ प्रमाणे जी यादी बनते तिच्यावर. त्या सरांचं एम.एड. भिंतीवर फ्रेम करून लावलं तरी बाईंच्या पुढं जात नाही. बाईंना म्हटलं शाळेत जाऊन आधी ती यादी मागा, १६ वर्षांत कधी बघितली का? नव्हती बघितली. बहुतेकांनी बघितलेली नसते, सही तेवढी केलेली असते.

आणि पगाराचं म्हणाल तर वरिष्ठ वेतनश्रेणी १२ वर्षांनी, ती त्यांना मिळालीय, निवडश्रेणी २४ वर्षांनी, त्यासाठीचं ट्रेनिंग वेगळं असतं. म्हणजे उद्या मास्टर्स झालं म्हणून परवा पगार वाढला असं होत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो, नंतर शिव्या नकोत.

मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. ही डिग्री तुम्ही कुणाच्या टेबलावर ठेवणार? म्हणजे ते सर्टिफिकेट पाहून तुम्हाला हो किंवा नाही म्हणणारा माणूस कोण? हा प्रश्न मी उगाच स्टाईल म्हणून विचारत नाही, याची मला एकदा चांगली ठेच लागलीय. सातआठ वर्षांपूर्वी गणिताचे एक सर आले होते, एम.एस्सी. बी.एड., त्यांना बी.एड. कॉलेजात शिकवायचं होतं. मी बिनधास्त सांगितलं एम.ए. एज्युकेशन करा, डिस्टन्स, नोकरी पण राहील. केलं बिचाऱ्यांनी, चांगल्या मार्कांनी केलं. इंटरव्ह्यूला गेले तर जागा गणित अध्यापन पद्धतीची. एनसीटीई, म्हणजे शिक्षक-शिक्षणाचे नियम ठरवणारी राष्ट्रीय परिषद, तिच्या २०१४च्या निकषांत अशा पेडागॉजीच्या जागेला त्या विषयातली मास्टर्स आणि शिवाय एम.एड. लागतं, दोन्हीला किमान ५५ टक्के. एम.ए. एज्युकेशन अधिक बी.एड. हे जमतं ते शिक्षणाचं तत्त्वज्ञान, मानसशास्त्र असल्या पायाभूत विषयांच्या जागेला. दोन वर्षं गेली त्यांची. ते काही बोलले नाहीत पण फोन करायचे बंद झाले.

तर बाईंना विचारलं, कुणाच्या टेबलावर? त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगू का सर, मला हेडमास्तर नाही व्हायचं. तालुक्याला शिक्षकांची ट्रेनिंग असतात ना, तिथं मी सुलभक म्हणून, म्हणजे ट्रेनिंग द्यायला, जाते. ते तीन दिवस मला जेवण सुचत नाही." कोविडच्या आधी निष्ठा नावाचं सरकारी शिक्षक प्रशिक्षण होतं तेव्हापासून जातायत म्हणे. एकदा एका गटाला व्याकरण कसं खेळातून घ्यायचं ते दाखवत होत्या तर मागच्या बाकावरचे पन्नाशीचे एक गुरुजी, जे सकाळपासून पेपर वाचत होते, त्यांनी पेपर घडी करून खिशात घातला. हे सांगताना बाईंनी खरंच हाताने घडी करून दाखवली. मला तिथंच कळलं फाईलमधल्या फीच्या आकड्यांचा काही संबंध नाही.

आता यांना मोठ्यांना शिकवायचंय, शिक्षकांना शिकवायचंय. मग टेबल दोन. एक, पुढंमागं बी.एड. किंवा डी.एल.एड. कॉलेजचं इंटरव्ह्यू पॅनल. दोन, एखादी शिक्षणातली संस्था, एनजीओ, जिथं कागदापेक्षा काम बघतात पण कागद असलेला बरा.

एम.एड. पाहिजेच असेल तर सीईटी आहे, बी.एड.ला ५० टक्के हवेत, ते आहेतच. पण दोन वर्षांचा पूर्णवेळ कोर्स, निकषांत थिअरीला ८० टक्के हजेरी आणि फील्डवर्कला ९०. बाई हळूच म्हणाल्या, "एका कॉलेजवाले म्हणाले यायची गरज नाही, परीक्षेला आलं तरी चालेल." मी म्हटलं बाई, मंगळवारी अकरा वाजता तुमची सही शाळेच्या मस्टरवर पण आणि कॉलेजच्या मस्टरवर पण, असं कागदोपत्री झालं आणि उद्या कुणी माहिती अधिकारात दोन्ही मस्टर मागवले तर? आणि मागवणारा कोण असेल हे तुम्हाला माहितीच आहे, स्टाफरूममध्येच बसतो. हसल्या. रीतसर रजा आणि संस्थेची परवानगी घेऊन एम.एड. करणारे पण आहेत, पण त्यांच्या घरी मुलगी दहावीला, सासरे आजारी, बिनपगारी दोन वर्षं शक्यच नव्हतं. तेच कारण अझीम प्रेमजी विद्यापीठाचं, बेंगळुरूला जाऊन राहायचं एम.ए., उत्तम आहे, पंचविशीतल्या पोरांना मी आवर्जून सांगतो, इथं तो विषय एका वाक्यात संपला. एक वर्षाचं एम.एड. परत येतंय म्हणून थांबू का असंही त्यांनी विचारलं, २०२५ला एनसीटीईच्या नव्या नियमांचा मसुदा आला तेव्हापासून हे सगळेच विचारतात. मसुद्यावर आपलं वेळापत्रक लावू नये, एवढंच म्हणेन.

मग उरलं एम.ए. एज्युकेशन. बाई मराठीच्या, पायाभूत विषयांच्या जागेला एम.ए. एज्युकेशन आणि बी.एड.चे ५५च्या वर टक्के चालतात, शिवाय शिक्षणशास्त्रातून सेट-नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, देता येते, ओपनला ५५ टक्के लागतात म्हणून पास होणं पुरत नाही हे मी दोनदा सांगितलं. डिस्टन्सला किंमत नाही ही भीती पण होतीच. २०२२च्या सप्टेंबरमध्ये यूजीसीने स्पष्ट केलंय की मान्यता असलेल्या संस्थेची डिस्टन्स किंवा ऑनलाइन पदवी रेग्युलरच्या बरोबरीची. मान्यता असलेल्या, हा शब्द महत्त्वाचा. यूजीसीच्या डिस्टन्स ब्युरोच्या (डीईबी) साईटवर संस्थेचं नाव आणि तो कोर्स त्या वर्षासाठी आहे का बघायचं, आता डीईबी आयडी पण काढावा लागतो. ती घरबसल्यावाली जाहिरात आम्ही तिथल्या तिथं शोधली, संस्था यादीत होती, हा कोर्स नव्हता. बाईंनी ती प्रिंटआउट काढली, मागची बाजू कोरी होती म्हणून हिशोबाला ठेवली. टिपिकल मास्तरीण.

मी सुचवलं नाशिकचं मुक्त विद्यापीठ, मराठीतून. त्यांनी इग्नू घेतलं, ते पण इंग्रजी माध्यम! मी म्हटलं हिंदी तरी घ्या. "नाही सर, इंग्रजी वाचायचं सुटलंय, या निमित्ताने होईल." मला पटलं नव्हतं. आणि प्रबंधाचं सांगून ठेवलं, कारण नुसते पेपर देऊन सुटू असं समजून लोक येतात आणि दुसऱ्या वर्षी अडकतात. स्वाध्यायाला ३० टक्के वजन, परीक्षा जून आणि डिसेंबरला, म्हणजे ऐन निकालाच्या किंवा गॅदरिंगच्या धामधुमीत. मग आठवड्याचा कागद काढला आणि वेळ शोधला. सकाळी साडेपाच ते साडेसहा, आठवड्यातून चार दिवस, आणि रविवारी मुलीच्या क्लासच्या बाहेर कारमध्ये दोन तास. सहा तास झाले. यापेक्षा जास्त लिहू नका म्हटलं, खोटं होतं.

मध्येच मोबाईल दाखवून म्हणाल्या माझा दीर कंपनीत ट्रेनर आहे, बी.एड. नाही, त्याला काही आहे का? त्याला एम.ए. एज्युकेशन चालतं, कुठलीही पदवी पुरते, नाहीतर एज्युकेशनल टेक्नॉलॉजीचा पीजी डिप्लोमा, त्याच्या टेबलावरचा माणूस एचआर आहे, एनसीटीई नाही. आणि भाची मेलबर्नला शिक्षिका व्हायचं म्हणून मास्टर ऑफ एज्युकेशनला फॉर्म भरतेय म्हणाल्या, तेव्हा मात्र मी थांबवलं. तिकडं नव्याने शिक्षक होण्यासाठी मास्टर ऑफ टीचिंग असतं, मास्टर ऑफ एज्युकेशन हे बहुतेक आधीच शिक्षक असणाऱ्यांचं. तिला रात्रीच फोन करा म्हटलं.

पहिला टप्पा नीट गेला नाही. एका पेपरला बसल्याच नाहीत, सासरे दवाखान्यात होते. तो पुढच्या सत्राला दिला. बाकीच्यांना साठच्या आसपास आलेत, इंग्रजीबद्दल मी चुकलो होतो.

परवा फोन आला. मला वाटलं प्रबंधाच्या विषयाचं काहीतरी असेल. तर म्हणाल्या, "सर, ती ज्येष्ठता यादी शेवटी मिळाली. मी तिसरी आहे. पहिले दोघं दोन वर्षांत रिटायर होतायत. म्हणजे ऐन प्रबंधाच्या वेळी हेडमास्तरकी माझ्या गळ्यात. ती टाळायला काही कोर्स आहे का?"

कोर्स लागत नाही म्हटलं, लेखी नकार द्यायचा, शिक्षणाधिकाऱ्यांकडून त्याची खात्री होते, मग पुढच्याला मिळते. पलीकडं जरा शांतता.

"पुढचे म्हणजे ते एम.एड.वाले सर ना?"

हो म्हटलं.

"मग जरा विचार करून सांगते."