घड्याळ मागे पडतं आणि प्रत्येक साइट ‘असुरक्षित’ दिसते, काय करावं?

पीसी रात्री प्लगमधून काढला की सकाळी तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि ब्राउझर सगळीकडे सुरक्षेचा इशारा देतो, असं तुम्ही लिहिलंय. हा व्हायरस वाटत नाही. बहुधा मदरबोर्डवरची (पीसीच्या मुख्य सर्किट बोर्डवरची), प्लग काढल्यावरही घड्याळ चालू ठेवणारी बटणासारखी छोटी बॅटरी संपली आहे.

साइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे ती खरी असल्याच्या डिजिटल दाखल्याला, मुदत असते आणि ब्राउझर ती तुमच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळच चुकीचं असलं की खरं सर्टिफिकेटही अवैध ठरतं. तोवर कृपा करून ‘तरीही पुढे जा’ दाबू नका, बँकेच्या साइटवर तर मुळीच नाही. आधी तारीख हाताने बरोबर करा, इशारे लगेच थांबतील.

बॅटरी बहुतेक वेळा सीआर २०३२ असते, ३ व्होल्टची. बदलण्याआधी बायोसच्या (पीसी सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) सेटिंगचे फोटो काढा, कारण त्या मूळपदावर जाऊ शकतात. बिटलॉकर (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर ते उघडणारी रिकव्हरी की लिहून जवळ ठेवा, हे खरंच विसरू नका. मग प्लगची वायर काढा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक वीज उतरवा आणि बाजूची बारीक क्लिप नखाने ढकला, बॅटरी टपकन वर येते. नवी बसवताना अधिकचं चिन्ह सहसा वर. शेवटी बायोसमध्ये तारीख घाला.

लॅपटॉपमध्ये ही छोटी बॅटरी अनेकदा वायरीने जोडलेली असते, तिथे जाणकाराकडून करून घ्या. तारीख बरोबर आणि फक्त काही तासांचाच फरक असेल, तर बॅटरी सोडा, टाइम झोन तपासा.