सांगाडा 'स्त्रीलिंगी' असतो का?

प्रश्न असाय की एका लेखात "उत्खननात स्त्रीलिंगी सांगाडा सापडला" असं वाचलं, हे बरोबर आहे का आणि जेंडरला मराठीत नक्की काय म्हणायचं?

पहिल्याचं उत्तर सोपंय. तो सांगाडा, ती कवटी, ते हाड. आत कुणीही असो, सांगाडा पुल्लिंगीच राहणार. स्त्रीलिंगी-पुल्लिंगी शब्द असतात, माणसं नाही, "माझी आत्या स्त्रीलिंगी आहे" असं कुणी म्हणतं का? सरळ बाईचा सांगाडा म्हणा.

दुसरं जरा किचकट आहे, कारण 'लिंग' हा एकच शब्द आपण व्याकरणाला, शरीराला आणि समाजाने ठरवलेल्या बाईपणा-पुरुषपणाला असा तिन्हीकडे वापरतो. शेवटच्यासाठी 'लिंगभाव' हा शब्द आता बऱ्यापैकी रुळलाय. (लिंगभेद नाही हां, तो भेदभावाच्या अंगाने जातो.) पुरातत्त्वात शरीराचं लिंग आणि लिंगभाव हे दोन वेगळे ठेवले नाहीत की काय होतं त्याचं भारी उदाहरण म्हणजे स्वीडनमधलं बिर्का, व्हायकिंग काळातलं व्यापारी गाव. तिथे 1878 मध्ये यालमार स्टोल्पे या संशोधकाने दहाव्या शतकातली एक कबर खणली, आत तलवार, कुऱ्हाड, भाला, बाण, दोन ढाली, पटावरच्या खेळाच्या सोंगट्या आणि दोन घोडे. एवढी शस्त्रं म्हटल्यावर पुरुषच, हे सगळ्यांनी धरूनच चाललं. 1970 च्या दशकात हाडं बघून ही बाई वाटतेय असं म्हटलं गेलं होतं, पण फार कुणी मनावर घेतलं नाही, शेवटी 2017 मध्ये डीएनए तपासला आणि ती बाईच निघाली. मग लगेच शंका सुरू, हाडांची अदलाबदल झाली असेल, शेजारी अजून एखादा पुरुष पुरलेला असेल! पुरुष होता तोवर शंभरेक वर्षं हे कुणाला सुचलं नव्हतं.

पण डीएनएने कळलं ते लिंग. ती खरंच लढायची का, तिचे लोक तिला काय समजायचे, हा लिंगभावाचा प्रश्न, तो वस्तूंवरून लावायचा अंदाज आहे आणि वस्तू मेलेल्या माणसाने नाही, मागे राहिलेल्यांनी ठेवलेल्या असतात. इंग्रजीत 'वॉरियर' म्हणून वेळ मारून नेता येते, मराठीत क्रियापद आलं की तो का ती ठरवावंच लागतं. अशा वेळी मी 'व्यक्ती' वापरते, ती व्याकरणाने कायमच स्त्रीलिंगी, त्यामुळे काहीच फुटत नाही.

नाव देतानाही हेच होतं. मोहेंजोदडोची ती साडेदहा सेंटिमीटरची कांस्यमूर्ती बघा, 1926 मध्ये सापडली, डावा हात बांगड्यांनी भरलेला, उजवा कमरेवर, आणि नाव पडलं नर्तिका. नाचत कुठेय ती? कमरेवर हात ठेवून उभी राहिली म्हणून नर्तिका, तर मग आमच्या चाळीत नळाला पाणी आलं नाही की सगळ्या नर्तिकाच!

तर हाडांवरून किंवा डीएनएवरून केली ती लिंगनिश्चिती, आणि पुरलेल्या वस्तू, चित्रं, मूर्ती यांवरून बांधला तो लिंगभावाचा अंदाज. लेखात दोन्ही असतील तर दोन्ही शब्द लिहा.

अजून एक खड्डा दाखवते. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला ताम्रपाषाण काळातल्या (तांबं आणि दगड दोन्हीची हत्यारं वापरायचे तो काळ) घरांच्या जमिनीखाली मुलं पुरलेली सापडली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि आत सांगाडा. इतक्या लहान वयात नुसत्या हाडांवरून मुलगा की मुलगी हे खात्रीने सांगता येत नाही, पण आपण लिहितो "मुलाचा सांगाडा" आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे मुलगाच येतो, कारण 'मूल' आणि 'मुलगा' दोघांचंही 'मुलाचा'च होतं. 'बालकाचा' लिहून सुटका नाही, तो बालक. मी 'लेकराचा' लिहिते. ते लेकरू.