पहिलीच सोनोग्राफी? आधी एवढं विचारा

घाबरू नका, सोनोग्राफीत ना सुई असते ना क्ष-किरण. मी बऱ्याचदा करून घेतली आहे. नवखे चुकतात ते तयारीत.

अपॉइंटमेंट घेतानाच विचारा: तपासणी नेमकी कशाची? सगळं त्यावर ठरतं.

- पोटाच्या वरच्या भागाची असेल तर साधारण ६ ते ८ तास उपाशी राहायला सांगतात. खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि नीट दिसत नाही. ‘नुसता चहा चालेल’ असं स्वतःच ठरवू नका. साधं पाणी बहुधा चालतं, तरी विचारून घ्या.
- ओटीपोटाची असेल तर उलटं, मूत्राशय भरलेलं हवं. तासभर आधी लिटरभर पाणी प्या आणि लघवीला जाऊ नका. मी एकदा घाईत जाऊन आले आणि पुन्हा पाणी पीत दीड तास बसले!

थायरॉईडसारख्या तपासणीला बहुतेक काहीच तयारी लागत नाही.

रोजच्या गोळ्या मनाने बंद करू नका. मधुमेह असेल तर उपाशी राहण्याबद्दल डॉक्टरांशी आधी बोला, सकाळची वेळ मागा. कपडे सैल, दोन भागांतले. जुने रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी आठवणीने न्या.

तपासताना त्वचेवर चिकट जेल लावतात, ते गार लागतं, बाकी काही नाही.