चाइल्ड क्लासचा ऑब्जेक्ट बनवताना पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर आपोआप चालतो का? जावात आणि पायथनमध्ये वेगळं का दिसतं?

चाइल्ड म्हणजे पॅरेंट क्लासवरून बनवलेला क्लास, आणि कन्स्ट्रक्टर म्हणजे ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड. जावात पॅरेंटचा आपोआप चालतो. पायथनमध्ये चाइल्डने स्वतःचा इनिट (पायथनचा कन्स्ट्रक्टर) लिहिला की सुपर() लिहून बोलावल्याशिवाय पॅरेंटचा चालत नाही. इंटरव्ह्यूपुरतं एवढं पुरे. पण पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर चालू असताना चाइल्डचं काय झालेलं असतं, हे कुणी विचारत नाही, आणि नेमक्या त्याच मुद्द्यावर माझं टीम लीडशी जोरदार वाजलं होतं.

जावातली रिपोर्ट काढणारी सिस्टिम होती. बेस क्लासचा, म्हणजे पॅरेंटचा, कन्स्ट्रक्टर 'तयारी' नावाची मेथड कॉल करायचा आणि प्रत्येक रिपोर्टचा क्लास ती ओव्हरराइड करून, म्हणजे आपल्या पद्धतीने पुन्हा लिहून, आपल्या कॉलमची यादी बनवायचा. एका नव्या रिपोर्टमध्ये कॉलमच येईनात. एक्सेप्शन नाही, लॉगमध्ये काही नाही, नुसतं कोरं पान. मी डीबगर लावून दाखवलं: आधी पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर, त्यातून चाइल्डची 'तयारी', यादी व्यवस्थित भरली. त्यानंतर चाइल्डची पाळी येते आणि यादीच्या फील्डसमोर लिहिलेलं 'न्यू अ‍ॅरेलिस्ट' (नवी रिकामी यादी बनवणारा कोड) तेव्हा कुठे चालतं. भरलेली यादी गेली, रिकामी आली! जुन्या रिपोर्टांत फील्डला सुरुवातीची व्हॅल्यूच दिलेली नव्हती, म्हणून ते इतके दिवस चालले.

लीड सी प्लस प्लसमधून आलेले. म्हणाले, "पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरमधून पॅरेंटचीच मेथड चालते, मला शिकवू नकोस." सी प्लस प्लसमध्ये ते खरंच आहे. बेसचा कन्स्ट्रक्टर संपेपर्यंत ऑब्जेक्ट बेसचाच मानला जातो, व्हर्च्युअल (ओव्हरराइड करता येणाऱ्या) मेथडचा कॉलसुद्धा खाली चाइल्डकडे उतरत नाही. जावात ऑब्जेक्ट पहिल्यापासून चाइल्डचा असतो. सी शार्पची तऱ्हा तिसरीच: कॉल चाइल्डकडे जातो, पण चाइल्डच्या फील्डना व्हॅल्यू पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरआधीच मिळते, म्हणजे आमचा तोच कोड तिथे बिनबोभाट चालला असता. समोर स्क्रीनवर दिसत असूनही त्यांनी मान्य केलं नाही. फील्डची ती ओळ बदलायला लावली, बेस क्लास तसाच ठेवला.

माझं मत आजही तेच आहे: ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड कन्स्ट्रक्टरमधून बोलवायची नाही, भाषा कुठलीही असो. आणि 'इनहेरिटन्स (पॅरेंटवरून चाइल्ड क्लास बनवणं) सगळीकडे सारखाच' असं शिकवणं बंद व्हायला हवं. ऑस्लोत डाल आणि न्यूगोर यांनी सिम्युला 67 या भाषेत ही कल्पना आणली. पुढे प्रत्येक भाषेने आपापला निर्णय घेतला. सी प्लस प्लसने अनेक पॅरेंट चालवून घेतले, जावाने एकच ठेवला, कोटलिनमध्ये 'ओपन' लिहिल्याशिवाय साध्या क्लासचा चाइल्ड बनवताच येत नाही, गो भाषेने तर इनहेरिटन्स घेतलाच नाही. नुसता कोड वाचवायला बेस क्लास काढणाऱ्यांनी जावाचा स्टॅक क्लास बघावा. स्टॅकमध्ये वस्तू फक्त वरूनच ठेवायची आणि काढायची असते, पण तो व्हेक्टर या यादीच्या क्लासचा चाइल्ड केल्यामुळे स्टॅकच्या मधोमधही वस्तू घुसवता येते, आणि जुना कोड मोडू नये म्हणून आजही तो तसाच आहे.

बाकी, फ्रेमवर्कने दिलेला बेस क्लास असेल तर वाद न घालता वापरा. जावात पॅरेंटला बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर नसेल तर 'आपोआप' विसरा, सुपर(...) स्वतः लिहावं लागतं, नाहीतर कंपाइलच होणार नाही. पायथनमध्ये चाइल्डला इनिट नसेल तर पॅरेंटचा चालतो. मात्र एकाहून जास्त पॅरेंट असतील तर सुपर() रांगेतल्या पुढच्या क्लासकडे जातो, आणि तो तुमचा पॅरेंट असेलच असं नाही. त्या रांगेला एमआरओ (मेथड रिझोल्यूशन ऑर्डर) म्हणतात, ती छापून आधी बघून घ्या.