प्लेट रीडरवर ब्लँक वजा केल्यावर काही वेल्स निगेटिव्ह येतात आणि सगळ्यांत वरचा स्टँडर्ड ३.४ दाखवतो. मशीन बिघडलंय का? सिनिअर म्हणतात, आकडा आला तसा लिहून टाक.

या दोन आकड्यांवरून तरी मशीन बिघडलेलं दिसत नाही. प्लेट रीडर प्रत्येक वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या छोट्या खळग्यात, किती प्रकाश अडतो ते मोजतो. ब्लँक म्हणजे सँपल नसलेली वेल आणि स्टँडर्ड म्हणजे प्रमाण माहीत असलेलं द्रावण.

३.४ आधी घेऊ. अब्सॉर्बन्स, म्हणजे प्रकाश किती अडला त्याचा आकडा, लॉगमध्ये असतो, त्यामुळे १ म्हणजे दहा टक्के प्रकाश पार, २ म्हणजे एक टक्का आणि ३.४ म्हणजे दहा हजारांत जेमतेम चार भाग. इतक्या कमी उजेडात डिटेक्टरचा स्वतःचा नॉइज आणि इकडूनतिकडून शिरलेला भरकटा प्रकाश यांचाच हिशोब जास्त होतो. तो बिंदू स्टँडर्ड्सच्या कर्व्हमधून काढा आणि सँपल आधी पातळ करून नवी प्लेट लावा. रंग आलेल्या वेलमध्येच बफर ओतून उपयोग नाही. प्लेट रीडरचा प्रकाश उभा जातो. तेवढंच बफर ओतलं की रंग निम्मा होतो, पण द्रवाची उंची दुप्पट होते आणि आकडा जवळपास तिथेच राहतो.

निगेटिव्हचं म्हणाल तर −०.००३ म्हणजे शून्यच. −०.०५ आलं असेल तर ब्लँकच्या वेल्सकडे बघा. एका ब्लँकमध्ये बुडबुडा असला की ब्लँकची सरासरी चढते आणि अख्खी प्लेट खाली ढकलली जाते.

पण मी लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे. हेच वाक्य मला माझ्या सिनिअरनी ऐकवलं होतं.

आम्ही एका वनस्पतीच्या अर्काची कॅन्सरच्या पेशींवर एमटीटी करत होतो. एमटीटी हे पिवळं द्रव्य जिवंत पेशी रिड्यूस करून जांभळं करतात, आणि त्या रंगावरून किती पेशी जिवंत आहेत ते काढतात. ५७० नॅनोमीटरला रीडिंग, ६९० रेफरन्स. नुसत्या मिडियमचा (पेशी वाढवायच्या द्रवाचा) ब्लँक वजा करून कंट्रोल, म्हणजे अर्क न दिलेल्या पेशी, आला ०.८२. कमी डोसला आकडा थोडा उतरला आणि सगळ्यांत मोठ्या डोसला, २०० मायक्रोग्रॅमला, चढून १.१२ झाला. म्हणजे १३७ टक्के पेशी जिवंत! सिनिअर खूश. मोठ्या डोसला पेशी वाढतात, हा वेगळाच निष्कर्ष आहे, म्हणाले. त्याच संध्याकाळी आलेख तयार झाला.

मी एमटीटी घालण्याआधी प्लेट मायक्रोस्कोपखाली पाहिली होती. सगळ्यांत मोठ्या डोसच्या तीन वेल्समधल्या पेशी गोल होऊन सुटल्या होत्या, निम्म्या तर तरंगत होत्या. कंट्रोलमध्ये तळ गच्च भरलेला आणि इथे मोकळी मैदानं. मी तसं सांगितलं. उत्तर आलं, "अगं, तुझ्या डोळ्यांपेक्षा रीडर जास्त अचूक आहे. तो खोटं बोलतो का?"

पुढच्या प्लेटला मी न विचारता तीन वेल्स राखून ठेवल्या: मिडियम, अर्क आणि एमटीटी, पेशी अजिबात नाहीत. तासाभरात त्या पिवळ्याच्या जांभळ्या व्हायला लागल्या. एकही पेशी नसताना! अर्कातली अँटिऑक्सिडंट द्रव्यं एमटीटीला स्वतःच रिड्यूस करत होती. आम्ही मिडियम काढून न टाकता त्यातच एसडीएस हा डिटर्जंट घालून जांभळे स्फटिक विरघळवायचो, त्यामुळे हा सगळा रंग रीडिंगमध्ये येत होता. त्या वेल्सची सरासरी आली ०.७१. १.१२ मधून ती वजा केली की उरतात ०.४१, कंट्रोलच्या बरोबर निम्मे. वाढ कुठली, पेशी मरत होत्या.

रीडरने दोन्ही वेळा ५७० ला किती प्रकाश अडला तेच सांगितलं. तो प्रकाश कोणी अडवला हे त्याला कळत नाही. पेशी, अर्काचा रंग, तळावरचा बोटाचा ठसा, गाळ, सगळं त्याला सारखंच. म्हणून ब्लँकमध्ये सँपल सोडून बाकी सगळं असलं पाहिजे, आणि सँपल स्वतः रंगीत किंवा रिड्यूस करणारं असेल तर त्याचा वेगळा कंट्रोल हवाच. सिनिअरचं म्हणणं होतं की अशा कंट्रोलपायी वेल्स वाया जातात. ९६ पैकी तीन! आणि त्या तीन न ठेवल्यामुळे चुकीच्या आलेखावर पुढचे तीन आठवडे वाया गेले, ते कुठे धरायचे? तुमच्या सिनिअरना हे जरूर दाखवा. मला त्या वेळी आकड्यांनिशी बोलता आलं नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. माझी ती सरळ वजाबाकीही ढोबळच आहे. पेशी असताना अर्काचा काही भाग त्या आत घेतात, त्यामुळे बाहेरची रिअॅक्शन तेवढीच राहील असं नाही. पेशी तळाला चिकटणाऱ्या असतील तर एमटीटीआधी अर्काचं मिडियम काढून धुऊन घेणं बरं. फक्त धुताना सैल झालेल्या पेशी जातात, हेही लक्षात ठेवा. मी शेवटी ट्रायपॅन ब्लू, म्हणजे फक्त मेलेल्या पेशींना चढणारा रंग, घालून पेशी मोजल्या, तेव्हा कुठे तो आलेख मागे घेतला गेला.

तुमची प्लेट एलायझाची (अँटिबॉडी वापरून रंगावरून मोजायच्या चाचणीची) असेल तर यातला पेशींचा भाग सोडून द्या. पण ब्लँकची सरासरी काढण्याआधी प्रत्येक ब्लँक वेलचा सुटा आकडा बघा, आणि प्लेट अजून टाकली नसेल तर ती उजेडासमोर तिरकी धरून बुडबुडे शोधा. सुईच्या टोकाने फोडा, प्रत्येक वेलला नवी सुई घ्या, आणि लगेच परत रीड करा.